चौदावी ओळ

४ मार्च

प्रिय वॉशर,

कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि तेही चार ओळींचं. "तीस जूनला लायसन्स संपतंय. नवं करणार नाही. ज्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याने वर जाऊ नये. विमान कुणाला हवं असेल तर देऊन टाक." तुझ्या वहिनीने ते फ्रिजवर लावलं होतं. पाणी प्यायला गेलं की वाचावं लागायचं, म्हणून काढून कारखान्यात आणलं. आता ते लेथच्या समोर आहे, म्हणजे दिवसभर वाचतो. आगीतून फुफाट्यात.

एवढी शहाणी आहेस तर सांग, कुणाला देऊ? नऊ वर्षं आपण दोघांनी हे विमान कारखान्याच्या मागच्या खोलीत जोडलं. पंखांची एकूण एक फासळी तू कापलीस आणि इंजिन मी उभं केलं, भंगारात पडलेल्या मोटारीचं. पहिल्यांदा ते वर नेलंस तू, आणि मी खाली उभा राहून टोपीची कड चावत होतो. ते असं जुन्या कपाटासारखं देऊन टाकायचं? आणि तू तिकडे चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासतेस म्हणे. तुझ्या मालकाला हे कार्ड दाखवू का?

असो. भांडायला लिहीत नाही. सांगायचं हे की इंजिन मी परत खोललंय, आणि या वेळी त्यात पट्टा नसेल.

तुला पाठ असलेलंच मी परत पहिल्यापासून सांगणार, कारण तसं मांडल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. आपल्या इंजिनाला पुढे, पंख्याच्या मागे, एक रबरी पट्टा होता. तो दोन कामं करायचा. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंप चालवायचा, आणि बॅटरी भरणारा जनरेटर. पट्टा गेला की दोन्ही गेले. तू अगदी सुरुवातीलाच म्हणाली होतीस, "दादा, पाणी आणि वीज एकाच दोरीवर वाळत घालू नकोस." मी म्हणालो, मोटारी वर्षानुवर्षं चालतात याच दोरीवर. तू म्हणालीस, "मोटार बंद पडली तर बाजूला उभी करता येते." मी हसलो. मोठा भाऊ ना मी.

तर तुझा मुद्दा मान्य, अकरा वर्षं उशिरा. आता पट्ट्याऐवजी काय, ते ठरवायचंय. तुझं मत कळव. "कळवणार नाही" असं कळवलंस तरी चालेल.

दादा

२३ मार्च

प्रिय वॉशर,

कळवलं नाहीस. बरं.

लहानपणी दहाही बोटांत वॉशर घालून कारखान्यात बसायचीस आणि मी काही चुकीचं केलं की ती बोटं टेबलावर वाजवायचीस. तो आवाज मला हल्ली रोज ऐकू येतो, त्यामुळे तुझं मत मला साधारण कळतं.

आधी मी सोपा रस्ता पाहिला. पाण्याला विजेवर चालणारा पंप बसवून टाकायचा. बाजारात मिळतात, हलके असतात, कुठेही बसतात. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी वायरिंग कागदावर काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की पाणी विजेवर, वीज जनरेटरवर, म्हणजे मी रबराचा पट्टा काढून तांब्याचा बसवत होतो. एक तार सुटली की परत तू नांगरलेल्या शेतात. बोटं वाजली आणि मी कागद फाडला.

मग ठरवलं, दोघांच्या चुली वेगळ्या करायच्या. विजेचं असं, की इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोच आहे, तर त्याच्याच टोकाला लोहचुंबक बसवायचे आणि शेजारी तारेची वेटोळी स्थिर ठेवायची. स्कूटरमध्ये असतंच हे. पट्टा नाही, पुली नाही, घासणारं काही नाही. वीज थोडी कमी निघते, पण आपल्याला वर काय पिठाची गिरणी चालवायचीय? पहिल्या खेपेला मी चुंबक एका चाकाला बाहेरून चिकटवले आणि लेथवर फिरवून पाहिलं. त्यातला एक उडाला तो थेट लोखंडी कपाटाला जाऊन बसला. अजून निघत नाही. वहिनी म्हणते राहू दे, त्याच्याखाली विजेची बिलं लावू. आता जाड पोलादी कडं केलंय आणि चुंबक त्याच्या आतल्या अंगाला ठेवलेत. इंजिन जितकं जोरात फिरेल तितके ते कड्याला घट्ट टेकतील. हे तुला आवडेल.

हँगरवाले काका बघायला आले होते. गवताची धावपट्टी त्यांची, आपल्यासारख्या घरी विमान बांधणाऱ्या सगळ्या वेड्यांना आसरा त्यांचाच, त्यामुळे बोलण्याचा हक्कही त्यांचाच. कडं पाहून म्हणाले, "आता तपासणीच्या यादीत चौदावी ओळ लागणारच नाही की!"

ती यादी अजून त्यांच्या भिंतीवर आहे, तुला सांगून ठेवतो. त्याच दिवसाची. चौदावी ओळ, "पट्टा: ताण, कडा, भेगा", आणि पुढे तुझी बरोबरची खूण, खाली सही. नव्या लोकांना धडा म्हणून त्यांनी ती काच लावून ठेवलीय. तू विमान शेतात उतरवलंस, मनगट मोडलंस, आणि चार दिवसांनी काकांनी सगळ्यांसमोर ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "खूण करायला डोळे लागत नाहीत, बाई." मी तिथेच होतो.

ती काढा असं मी त्यांना दोन वर्षांत म्हणालो नाही. का ते विचारू नकोस. तू काही विचारतच नाहीस म्हणा.

दादा

१५ एप्रिल

प्रिय वॉशर,

पाण्याचं जमलं. इंजिनाच्या पाठीमागच्या टोकाला झडपा उघडणारा जो दांडा येतो, त्यालाच पंप सरळ जोडला. मध्ये एक जोडणी, दोन पंजे एकमेकांत अडकवलेले आणि त्यांच्या बेचक्यात रबराचा तुकडा. बस. इंजिन फिरतंय तोवर पंप फिरणार. त्याला वीज नको, पट्टा नको, कुणाची खुशामत नको.

भानगड एकच झाली. हा दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, हे मी, तीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस, विसरलो. पंप फिरत होता पण पाणी कंटाळल्यासारखं चाललं होतं. शेवटी आतलं पातं मोठं केलं, घर नवं कातलं, तीन आठवडे गेले. रविवारी मागच्या अंगणात विमान खुंट्यांना बांधून पाऊण तास इंजिन चालवलं. पाण्याच्या तापमानाचा काटा एकदा वर चढला आणि तिथेच बसून राहिला. शेजारचे कुंपणावरून म्हणाले, "जाणार कधी हे?" मी म्हटलं, लवकरच, वर. ते म्हणाले, "कुठेही चालेल." पंपाच्या मागच्या बाजूला थोडी ओल दिसते. तेवढी चालायचीच.

आता दुसरी गोष्ट. वहिनीने हे पत्र लिहिताना मला पकडलं. म्हणाली, "काय लिहिताय एवढं?"

म्हटलं, "पंपाचं."

"तिने विचारलंय पंपाचं?"

"नाही."

"मग ज्याचं तिने विचारायला हवं ते तिला माहीत तरी आहे का?"

मी म्हटलं, मला समजलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला समजलं. बल्ब शोधताना मी तुमचा खालचा खण उघडला होता. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नाहीत."

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. तिला आरडाओरडा करता आला असता तर बरं झालं असतं. रात्री जेवताना फक्त म्हणाली, "तीस जून जवळ आलाय."

तर त्या डब्याबद्दल मला तुला लिहायचं आहे. आज कागद संपत आलाय.

दादा

३ मे

प्रिय वॉशर,

कागद संपला नव्हता. अख्खं पॅड होतं समोर.

आज पत्र लिहून होईपर्यंत उठणार नाही असं ठरवून बसलोय. कारखान्याचं दार आतून लावलंय. डबा टेबलावर आहे.

आपल्या लोकांत एक रीत आहे, ती तुला ठाऊक आहे. पंख्यामागचा पट्टा बदलायचा तर आधी पंखा उतरवावा लागतो, निम्मा दिवस जातो. म्हणून पंखा बसवतानाच एक जादाचा पट्टा इंजिनाच्या नाकावर ओवून, बांधून ठेवायचा. कुठे दूर अडकलो तर जुना कापायचा, तयार असलेला चढवायचा आणि घरी यायचं. आपल्या विमानावर ती माझी कल्पना होती. तू पट्टाच नको म्हणत होतीस, तर मी म्हटलं, "एक नको तर दोन घे!" किती हुशारी वाटली होती मला त्या दिवशी.

तो जादाचा पट्टा पोलादी तारेने चार ठिकाणी बांधायचा असतो. मी बांधायला बसलो तेव्हा तार संपली होती. दुकान दहा मिनिटांवर होतं. मी वायरी बांधायच्या चार प्लॅस्टिकच्या टाय घेतल्या, ओढल्या, टोकं कापली आणि मनात म्हटलं, शनिवारी तार आणून नीट करू. शनिवार आले आणि गेले. त्या टाय इंजिनाच्या धगीत वाळून कडक होत होत्या आणि मला आठवणसुद्धा नव्हती.

पण आठवण नव्हती असं म्हणालो तर ते खोटं होईल. कारण तू विचारलं होतंस. त्या सकाळी यादी घेऊन तू फिरत होतीस, चौदाव्या ओळीला थांबलीस, चालता पट्टा हाताने दाबून पाहिलास, टॉर्च लावून त्याच्या कडा पाहिल्यास. मी बघत होतो, वॉशर. सगळी गोल फेरी पाहिलीस, पंखा हाताने फिरवत. पंख्यामागे नाकापर्यंत तुझा हात जात नव्हता आणि तिथलं काही दिसतही नव्हतं. म्हणून मला विचारलंस, "दादा, जादाचा तारेनेच बांधलायस ना?" मी पाना पुसत होतो. म्हणालो, "हो गं."

दोन अक्षरं. तू मग खूण केलीस. खूण माझ्या शब्दावर केलीस.

पुढचं तुला आकाशातून माहीत आहे, मला जमिनीवरून. विमान ओढून आणल्यावर पुढचं झाकण मी एकट्याने काढलं, काका यायच्या आत. एक टाय तुटली होती, तिच्या मागून बाकीच्या. जादाचा पट्टा सुटून चालत्या पट्ट्याखाली शिरला आणि त्याला पुलीवरून फेकून दिलं. चालता पट्टा तुटलाच नव्हता. एका कडेला घासल्याची खूण सोडली तर तो नव्यासारखा आहे. भेग नाही, चिरा नाही. तू जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. अडीअडचणीला म्हणून मी बांधलेल्या वस्तूनेच तुला पाडलं.

मी दोन्ही पट्टे आणि टायचे तुकडे डब्यात घातले आणि बाहेर येऊन काकांना सांगितलं, "पट्टा गेला." तेही खरंच होतं बघ. झाकली मूठ. काकांनी यादी वाचली तेव्हा सगळे तुझ्याकडे पाहत होते, आणि तू माझ्याकडे. मी तोंड उघडलंही होतं. पण तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांची इंजिनं माझ्या हातची होती. मी भ्यालो. याला दुसरा शब्द नाही.

तुझं मी त्या दिवसानंतरचं सगळं ऐकलंय. हँगरमध्ये तू म्हणालीस, "मी पाहिला होता." दवाखान्यात प्लॅस्टर काढताना म्हणालीस, "पाहिला असेन." सामान बांधून निघालीस त्या दिवशी म्हणालीस, "दादा, मी बहुतेक पाहिलाच नाही." दीड महिन्यात तुझे चांगले डोळे तुझ्याकडून काढून घेतले गेले आणि मी शेजारी उभा राहून बॅग उचलून दिली. मनगट जुळतं. हे मी काय केलं ते मला रोज कळतं, आणि रोज मी त्यावर काहीतरी कातायला घेतो. हा पट्टा नसलेला सगळा खटाटोप, चुंबक, पंप, पातं, दुसरं काय आहे? रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पट्ट्याने दगा दिला नव्हता. दगा मी दिला.

डबा पार्सलने पाठवतोय. चालत्या पट्ट्यावर मी पांढऱ्या खडूने खूण केलीय म्हणजे गोंधळ होणार नाही. तो टॉर्चखाली धर आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

माफी मागतो असं लिहिलं होतं, ते खोडलं. ती तुझ्यासमोर उभं राहून मागायची आहे. तू उभं राहू दिलंस तर.

दादा

२० मे

प्रिय वॉशर,

पार्सल पोचल्याची पावती आली. तुझ्याकडून काही नाही, आणि ते योग्यच आहे.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. रविवारी हँगरमध्ये सगळे जमले होते. मी तुला लिहिलेलं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं, "भ्यालो" सकट. मग काका उठले, काचेतली यादी भिंतीवरून काढली, आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुझ्यावर मी चिडलोय, पण ते नंतर. आधी मला तिचा पत्ता दे." तुला त्यांचं पत्र येईल. म्हातारा लिहायला बसला की चष्मा हरवतो, तेव्हा वाट पाहावी लागेल. दोघा जणांनी त्यांची इंजिनं माझ्याकडून परत नेली. एकाने नेलं नाही, पण आता मी काम करताना तो मागे स्टूल टाकून बसतो. बसू दे.

दुसरी गोष्ट. बारा जूनला निरीक्षक विमान बघायला येतोय. तो हो म्हणाला की त्याच दिवशी पहिलं उड्डाण करता येईल. तीस जूनच्या आत. त्या दिवशी वर कोण जाणार हा प्रश्न मी कुणालाच विचारलेला नाही.

तपासणीची नवी यादी टाईप केलीय, सोबत जोडतोय. पट्ट्याची ओळ गेली. पण ती काढली की खालचे सगळे आकडे वर सरकतात आणि यादी भलतीच दिसायला लागते, म्हणून चौदावी ओळ रिकामी ठेवलीय. तिथे काय लिहायचं ते मला सुचत नाही. काही लिहायलाच नको असं तुझं म्हणणं असेल तर तीही हरकत नाही.

वहिनी म्हणते, तिला लिहा की तुमचं वजन कमी झालंय. नाही झालेलं.

दादा

५ जून

प्रिय वॉशर,

आज पाकीट आलं. जाड होतं म्हणून वाटलं पत्र असेल. आत नुसती यादी, चार घड्या घातलेली. मी ती लेथवर पसरली. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. पहिल्या तेरा ओळी तशाच. मग तुझं अक्षर, तिरकं, घाईतलं:

"१४. दादाला विचारणे: काही सांगायचं राहिलंय का? (मागच्या वेळी तोंडी उत्तर घेतलं होतं. या वेळी लेखी घेणे.)"

वहिनी आधी हसली, मग डोळे पुसायला आत गेली. मी स्टूलवर बसलो. मागे बसणारा माणूस म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, चौदावी ओळ आली.

आणि खाली, "वैमानिक" लिहिलंय तिथे तुझं नाव आहे. पेन्सिलीने. सही नाही. सही तू सगळं पाहिल्यावरच करतेस. तेव्हाही तशीच केली होतीस.

हे पत्र पाकीट उघडल्या उघडल्या लिहून झालं असतं तर त्यात नुसता आनंद असता. पण ओळीला उत्तर द्यायचंय, आणि लेखी. दुपारभर मी कारखान्यात येरझाऱ्या घातल्या. नाही, काही राहिलेलं नाही, असं एकदा लिहिलंही. कागद तसाच ठेवून मी विमानापाशी गेलो, झाकण काढलं, आणि मग हे लिहायला बसलो.

चौदाव्या ओळीचं उत्तर:

हो, राहिलंय. पंपाच्या मागे ओल दिसते, तेवढी चालायचीच, असं मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं. ती चालायची नाही. मला तेव्हाही शंका होती. पंपाचा दांडा आणि इंजिनाचा दांडा एका रेषेत नाहीत, म्हणून पाणी झिरपतं. आज फरक मोजायचा डायल लावून पाहिला, काटा आठ शतांश मिलिमीटर हलतो. अंगणात पाऊण तास चाललं, वर दहा तास चाललं असतं, आणि अकराव्या तासाला त्या बेचक्यातलं रबर कुटलं गेलं असतं. मी ते नंतर बघू म्हणून ठेवलं होतं. शनिवारी.

पंप उतरवलाय. बैठक नव्याने कातावी लागेल, आठ-दहा दिवस जातील. निरीक्षकाला फोन केला, तो कुरकुरला, पण वीस तारखेला येतो म्हणाला. तेव्हा बाराला येऊ नकोस, विमान तयार नाही. वीसला ये. डायल तुझ्या हाताने लाव, काटा तुझ्या डोळ्यांनी बघ.

याखेरीज आज, पाच जूनला, सांगायचं काही राहिलेलं नाही. वीसला परत विचार.

दादा